द्विवचन

पहिल्या रात्री नुसती किंकाळी आली.
माइकनं स्पीकरचं ऐकलं, स्पीकरनं माइकचं,
आणि दोघांनी मिळून माझं स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं.
भिंतीपलीकडून मेग्लिचबाईंनी काहीतरी आपटलं, बहुधा तवा.
प्तुइ गावात रात्री अकरानंतर
द्रावा नदीलासुद्धा हळू वाहावं लागतं.

मग हेडफोन आणले.
काम सांगायला सोपं :
आवाज आत घ्यायचा, सत्तर मिलिसेकंद धरून ठेवायचा
आणि बाहेर सोडायचा, घेणं न थांबवता.
रहाट म्हणा ना.
एका बाजूला गाडगी बुडताहेत, दुसरीकडे रिती होताहेत,
आणि तीन हजार तीनशे साठ नमुने मधल्या मध्ये लटकलेले,
ना विहिरीत, ना पाटात.

दर पाच मिलिसेकंदांनी सिस्टिम दार वाजवते :
हे घे दोनशे छप्पन्न, ते दे दोनशे छप्पन्न.
तिथे थांबायचं नाही.
फाइल उघडायची नाही, मेमरी मागायची नाही,
कुलपापाशी ताटकळायचं नाही,
लॉगमध्ये एक ओळसुद्धा खरडायची नाही.
उशीर झाला की कानात टक्क,
आणि गेलेला आवाज उसना मिळत नाही.

हे नियम मी डोळे मिटून पाळते.
आणि वोय्कोसाठी एकतीस वर्षं थांबत आले आहे.

तो टपाल कचेरीच्या खिडकीत बसतो.
'म' आला की जबडा मिटतो तो मिटतोच.
रांगेतली माणसं छताकडे बघतात, बुटांकडे बघतात,
कुणी दयाळू त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतं
आणि सुटकेसाठी तो चुकीच्या वाक्याला मान डोलावतो.
अशाच एका मान डोलावण्यातून
कुणाच्या तरी लोकरीच्या टोप्या पेरूला पोचल्या.

दर तीन मिनिटांनी टक्क.
दोन रात्री मी माझ्याच कोडला शिव्या घातल्या,
तिसऱ्या रात्री कळलं, घड्याळं दोन आहेत.
माइकचं स्फटिक वेगळं, हेडफोनचं वेगळं.
दोघंही शपथेवर सांगतात, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार,
आणि दोघंही किंचित खोटं बोलतात.
फरक सेकंदाला दीड नमुना. आमच्या आईबाबांचा संसार याहून बराच वेगळ्या चालीनं चालला.
उपाय असा की कुणालाच दटावायचं नाही,
आवाज केसभर ताणायचा,
इतका कमी की त्यालाही कळू नये.

रविवारी तो आला. ओले बूट दाराशी काढले.
हेडफोन चढवून खिशातलं दरपत्रक वाचू लागला :
दोन किलोपर्यंत, पाच किलोपर्यंत, ऑस्ट्रिया,
माल्टा.
माल्टा लोण्यासारखं निघालं.
त्याचाच आवाज त्याच्या मागून चालत होता,
कोट धरून उभ्या असलेल्या माणसासारखा.
मी स्क्रीनवरचे आकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघवेना.
मोल्दोवा. मॉन्टेनेग्रो. मोनाको.
मग त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.
"हा क-क-कोण? ब-बँकेतला वाटतो."
मी हसले. तोही हसला, पण हेडफोन पुन्हा उचलले नाहीत.

आमच्या भाषेत दोघांसाठी वेगळं सर्वनाम आहे.
एकटा नाही, पुष्कळ नाहीत, मोजून दोन :
मिद्वा.
सुरुवातच 'म'नं. भाषा करणाऱ्यानं काही विचार केला नव्हता.

"उद्या आईकडे जायचंय," मी म्हटलं, "कोण कोण जाणार?"

त्यानं ओठ मिटले.
माइक चालूच होता, रहाट फिरतच होता,
गाडग्यांतून शांतता वर येत होती,
आणि ती शून्य नव्हती, मी आकडे पाहिलेत :
फ्रिजची घरघर, रेडिएटरमधलं पाणी,
त्याचा अडलेला श्वास, माझा रोखलेला.
शब्द माझ्या जिभेवर तयार होता.
मी दिला नाही.

किती वेळ, ते मोजलेलं आहे. सांगणार नाही.

मग तो म्हणाला,
आणि टेबलावर पालथ्या पडलेल्या हेडफोननं
मुंगीएवढ्या आवाजात
पुन्हा एकदा.